‘रंगाचा लेयर खाली हलवा’: हलवा, सरकवा की घ्या?

कुंचला: कर्वे रस्त्यावर एका वर्गात मी ॲनिमेशन शिकवते. बरीच मुलं मराठी शाळांतून आलेली, म्हणून सरावाच्या सूचना मराठीत लिहून देते. संगणकात रेषा आणि रंग एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे वेगवेगळे असतात; त्या एकेका कागदाला लेयर म्हणतात. परवा लिहिलं, ‘रंगाचा लेयर रेषेच्या खाली हलवा.’ एका मुलाने रंग चित्रातच खाली ओढला; लेयरचा क्रम होता तसाच राहिला. हनुवटीचा रंग गळ्यावर उतरला आणि नाकडोळ्यांच्या रेषा रंगामागे गडप. चोवीसच्या चोवीस चित्रांत! चूक त्याची नाही, माझ्या वाक्याची. इंग्रजीत जागा बदलणं आणि क्रम बदलणं दोन्ही ‘मूव्ह’. त्यात आमच्याकडे ‘हलवणं’ म्हणजे पात्राला हालचाल देणं. आणि ‘एडिट’ला काय लिहू? ‘संपादन’ म्हटलं की मुलांना वर्तमानपत्र आठवतं.

शब्दवेडा: आधी ‘लेयर’ काढा. ‘स्तर’ असताना उसना शब्द कशाला?

ठिपका: स्तर राहणीमानाचा असतो. हाताला लागतो तो थर. धुळीचा थर, दहीहंडीचे थर. आणि ‘थर’ हा ‘स्तर’चाच प्राकृतातून आलेला वंशज, तेव्हा शुद्धतेचाही प्रश्न उरत नाही.

पोळपाट: मला ‘पदर’ आवडेल. आजी घडीची पोळी तव्यावरून काढली की हाताने फोडून पदर सुटले का बघायची. सुटे, तरी एकाच पोळीचे. लेयरही तसेच ना?

शब्दवेडा: पदर साडीला असतो, बोलण्याला असतो. सूचनेत एका शब्दाला एकच अर्थ हवा.

उलटा सेल: मी तरुणपणी मुंबईत जाहिरातपटांसाठी सेल रंगवले आहेत. सेल म्हणजे प्लॅस्टिकचा पारदर्शक ताव, रेषा पुढच्या बाजूला, रंग मागच्या. सेल उलटा करून रंग भरायचा, म्हणून रेषा कधी झाकली जायची नाही आणि कुंचल्याचे फराटे पुढून दिसायचे नाहीत. संगणकात रंग रेषेखाली ठेवतात तो हाच प्रकार. त्याला ‘अस्तर’ म्हणा. ब्लाउजला आतून लागतं तसंच.

शब्दवेडा: अस्तर फारसी आहे.

पोळपाट: असेल. तुळशीबागेत मी अस्तर मागते तेव्हा दुकानदार बरोबर तेच काढून देतो. जो शब्द ऐकून माणसाचा हात योग्य जागी जातो, तो माझ्या लेखी मराठी.

ठिपका: अस्तर छान, पण फक्त रंगापुरतं. रेषेच्या लेयरला अस्तर कसं म्हणणार? रांगोळीतही दोन रीती आहेत. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी रेघा, मग रंग. रंग रेघेवर सांडतो म्हणून शेवटी रेघ पुन्हा ओढावी लागते. संस्कारभारतीत आधी रंग पसरतात, वर पांढऱ्या रेषा. ते शिकवताना ‘खाली रंग, वर रेघ’ एवढंच सांगतात, लेयरला नाव लागतच नाही.

उलटा सेल: नाव लागतं. मागचं-पुढचं चित्र फिकट दिसतं त्याला ‘ओनियन स्किन’ म्हणतात. तिथे ‘पापुद्रा’ किती चपखल बसतो!

शब्दवेडा: पापुद्रा मान्य.

कुंचला: पापुद्रा मी उद्यापासून वापरणार. पण माझं क्रियापद राहिलं. सध्या ‘जागेवरून सरकवा’ आणि ‘रेषेखाली घ्या’ असं लिहिते आहे. एडिटला कुणी सुचवाल?

पोळपाट: हात फिरवा.

ठिपका: फेरफार.

कुंचला: तिथेही दोन कामं आहेत. ओपनटून्झ या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅलेटमधला, म्हणजे रंगांच्या संचातला, रंग बदलला की तो वापरलेल्या सगळ्या चित्रांत बदलतो. भरलेल्या रंगाचा आकार मात्र चित्रागणिक सुधारावा लागतो. ‘हात फिरवा’ दुसऱ्याला शोभतं. पहिल्याला?

शब्दवेडा: ‘रंगपालट’. पण आधी थर की स्तर ते ठरवू या.