रोज चालतो, रात्रीचं जेवण सोडलंय, तरी काटा ७८ वरच

खुर्चीबहाद्दर :
वय ४७, काम दिवसभर संगणकासमोर. चार महिन्यांपूर्वी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आला. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभे आहात. घाबरून दुसऱ्या दिवसापासून ४५ मिनिटं चालायला लागलो, आजवर एक खाडा नाही. रात्रीचं जेवणही बंद. पहिल्या तीन आठवड्यांत ८२ चे ७९ झालो, तेव्हा भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. आता अडीच महिने काटा ७८ वर ठाण मांडून बसलाय. संध्याकाळी विनाकारण चिडचिड होते आणि जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. फोन तेवढा १०,००० पावलं झाली की शाबासकी देतो. चालणं दुप्पट करू, की दुपारचं जेवणही निम्मं करू?

निवांत :
दोन्ही नको! माणसाने जेवावं हो.

दोन_उठाबशा :
निवांत यांच्याशी सहमत, पण कारण सांगते. तीन वर्षांपूर्वी, ५५ व्या वर्षी, मी हेच करत होते. चालायचं आणि उपाशी राहायचं. वजन उतरलं, पण एक दिवस जमिनीवर बसले आणि हात टेकल्याशिवाय उठताच येईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मांडीला हात लावून सांगितलं, 'चरबीबरोबर स्नायूही घालवलेत तुम्ही.'

तुमचे पहिले तीन किलो म्हणजे निव्वळ चरबी नव्हे. खाणं एकदम कमी केलं की शरीर आधी ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, वापरतं, आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी जातं. म्हणून सुरुवातीला काटा धावतो, मग दमतो.

चालणं सोडू नका. आठवड्याला तुमची ३१५ मिनिटं होतात, जागतिक आरोग्य संघटना १५० ते ३०० सांगते. पण तीच संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगते, आणि तिथे तुमची पाटी कोरी आहे. (१०,००० चा आकडा १९६५ च्या एका जपानी पावलं-मोजणी यंत्राच्या नावातून आला. त्याच्या शाबासकीवर फार जाऊ नका.)

मी खुर्चीपासून सुरुवात केली. हात छातीवर, खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं. धप्पकन नाही, बसण्यातच खरी मेहनत आहे. पहिल्या दिवशी पाच झाल्या. जोडीला भिंतीवर हात टेकून दंड. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. माझी कुरकुर दोनेक महिन्यांत गेली. तुमच्या गुडघ्याला सूज असेल किंवा तो अडकत असेल, तर मात्र आधी दाखवून या.

आणि जेवा! प्रौढ माणसाला किलोमागे किमान ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुम्हाला ६२ च्या आसपास. एका अंड्यात जेमतेम ६ असतात. दोन जेवणांत तुमची किती होतात, एकदा वहीत मांडा. काट्याऐवजी कंबर मोजा.

सावधपणे :
ताईंचं बरोबर आहे, एक पुरवणी जोडतो. मला रक्तदाब आहे. जोर लावताना श्वास कोंडून धरायचो, डोळ्यांपुढे अंधारी आली. उठताना श्वास सोडायचा, बसताना घ्यायचा. शिवाय जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. चालते स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. ४५ मिनिटं एकदमच हवीत असं कुठे आहे?

खुर्चीबहाद्दर :
वही काढली. प्रथिनं ३६! चिडचिडीचा उलगडा बहुतेक इथेच झाला. खुर्चीच्या उठाबशा सहा झाल्या, सातव्याला टेबल धरलं. बायको दारातून बघत होती, तिने बारा काढून दाखवल्या आणि काही न बोलता निघून गेली. गुडघ्याला सूज नाही. आज रात्री जेवलो, लवकर आणि थोडं. एचबीएवनसी पुन्हा कधी करू?

दोन_उठाबशा :
तीन महिन्यांनी. ही तपासणी रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्याआधी नवा बदल पुरता दिसत नाही. आणि बायकोला सोबत घ्या, तुमची शिकवणी घरातच आहे.

खुर्चीबहाद्दर :
कंबर ९८ सेंटीमीटर लिहिली. श्वास सोडून मोजायची की रोखून? रोखून ९४ भरते.

दोन_उठाबशा :
सोडून. ९४ ची फोटोसाठी ठेवा.