मोटरहोमच्या मागे स्कूटर न्यावी काय? बेळगाव-खानापूरच्या प्रवासाविषयी विचारणा आणि उत्तरे

विषय: गाडीच्या मागे ॲक्टिवा बांधून नेण्याविषयी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

येत्या डिसेंबरात आम्ही दोघे इंग्लंडहून बेळगावला येत आहोत. माझ्या धाकट्या भावाने फोर्स ट्रॅव्हलर या मिनीबसवर बांधलेली, मोटर कॅराव्हॅन (म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, मोटरहोम) म्हणून रीतसर नोंद झालेली गाडी घेतली आहे आणि सुट्टीभर ती आमच्या हाती देण्याची त्याची तयारी आहे. खानापूर माझे माहेर आणि चंदगड सासर, त्यामुळे दोन्हीकडचे गणगोत सांभाळून हलशी, कणकुंबी, चोर्ला घाट, सौंदत्ती आणि गोकाक असा प्रवास सावकाश करावा, असे मनात आहे.

अडचण अशी की एकदा गाडी सपाट जागी लावून शेगडीवर भात चढवला, की दूध किंवा भाजी आणण्यासाठी पुन्हा तीच अवजड गाडी बाहेर काढणे जिवावर येते. शिवाय बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात ती नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. भावाच्या घरी ॲक्टिवा आहे. उद्यमबागेतील एका फॅब्रिकेटरने गाडीच्या मागे लोखंडी स्टँड जोडून देण्याची तयारी दाखवली आहे आणि हे एका दिवसाचे काम आहे असे त्याचे म्हणणे आहे. हे करावे काय, आणि करायचे झाल्यास कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

आपली,
खानापूरची माहेरवाशीण

---

उत्तर: गाडीच्या मागे ॲक्टिवा बांधून नेण्याविषयी

सौ. ताई, सप्रेम आशीर्वाद.

परदेशातील नोकरी संपवून मी टिळकवाडीत परतलो, तरी मंडळाची पत्रे नेमाने वाचतो. माझे आयुष्य यंत्रांमध्ये गेले असल्यामुळे तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे मला कर्तव्य वाटते. उद्यमबागेतले कारागीर कुशल आहेत आणि स्टँड ते उत्तमच बनवतील, याविषयी मला शंका नाही. परंतु त्यांच्याकडे जाण्यापूर्वी तुम्ही वजनकाट्यावर जावे, असा माझा आग्रह आहे.

ॲक्टिवाचे वजन १०५ ते ११० किलोच्या आसपास भरते. स्टँड आणि चढवण्याची फळी यांचे ३० ते ३५ किलो धरले, तर एकूण भार १४० किलोंचा झाला. हा भार गाडीच्या पोटात ठेवला असता तर तो १४० किलोच राहिला असता. तो मागच्या ॲक्सलच्याही (चाकांच्या आसाच्याही) मागे लटकतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा होतो. बैलगाडी मागे उलाळ झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, तेच येथे घडते. दोन्ही ॲक्सलमधले अंतर ३.३५ मीटर आणि स्कूटरचा मध्य मागच्या ॲक्सलपासून २ मीटर मागे धरा: पुढच्या चाकांवरचा भार सुमारे ८४ किलोने कमी होतो आणि मागच्या ॲक्सलवर १४० नव्हे, तर सुमारे २२४ किलो वाढतात. मागचे टायर आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) यांना हा जादा भार सोसावा लागतो, आणि पुढची चाके हलकी झाल्यामुळे ओल्या रस्त्यावर व घाटाच्या वळणावर स्टिअरिंगची पकड कमी होते. चोर्ल्याच्या वळणांवर ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही.

म्हणून गाडी प्रवासाला निघेल त्या स्थितीत, म्हणजे माणसे, गॅस, पाणी, अंथरूण-पांघरूण आणि भांडीकुंडी यांसकट काट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन करावे, नंतर पूर्ण गाडीचे आणि शेवटी फक्त मागच्या चाकांचे. चिकोडी, रायबाग, अथणी हा उसाचा पट्टा असल्यामुळे वजनकाटा शोधत फिरावे लागणार नाही. मात्र गळिताच्या हंगामात काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा भर दुपारची किंवा त्यांच्या सोयीची वेळ विचारून जावे. आलेले आकडे उत्पादकाने दिलेल्या ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहावेत. मागच्या ॲक्सलवर अडीचशे किलोंची मोकळीक उरत नसेल, तर ॲक्टिवा न्यायचा विचार सोडून द्यावा. एकूण वजन मर्यादेत आहे एवढ्यावर समाधान मानू नये, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

पाण्याची टाकी कोठे आहे तेही पाहावे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे असेल, तर स्कूटर बांधलेली असताना ती जेमतेम भरावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर पाणी घ्यावे.

आता स्टँडविषयी. तो बंपरला किंवा बॉडीच्या पत्र्याला मुळीच जोडू नये. चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन्ही लांब तुळयांना जाड प्लेट लावून, मोठ्या बोल्टांनी आणि लॉकनटने आवळून घ्यावा. चासीवर मनाला येईल तेथे वेल्डिंग करू देऊ नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागचे पोलाद कमजोर होते आणि नंतर तेथूनच तडा जातो. आपल्याकडे प्रत्येक गावाच्या वेशीवर गतिरोधक आहे आणि त्याच्या हादऱ्यात स्टँडवर पडणारा जोर उभ्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून ११० किलोंच्या स्कूटरसाठी ११० किलो पेलणारा स्टँड पुरत नाही. उंचीही मोजावी. मागच्या चाकापासून २.४ मीटरवर असलेली स्टँडची खालची कड जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर साधारण १० अंशांच्या चढालाच ती जमिनीला टेकते. शेतवाडीतून सडकेवर चढताना एवढा चढ सहज असतो.

बांधण्याची पद्धत मी जरा बारकाईने सांगतो, कारण बहुतेक अपघात येथे होतात. स्कूटर स्टँडवर आडवी ठेवावी. ॲक्टिवाची लांबी सुमारे १.८ मीटर आणि ट्रॅव्हलरची रुंदी दोन मीटरच्या थोडी वर, त्यामुळे दोन्ही बाजूंना काहीही बाहेर येत नाही. दोन्ही चाके खोल पन्हाळीत बसवावीत आणि पुढचे चाक अडकणीत घट्ट धरावे. मेन स्टँडवर उभी करून नेऊ नये, हादऱ्यांनी तो वाकतो; भार चाकांवरच राहू द्यावा. नंतर रॅचेटचे (खटक्याने आवळण्याचे) चार पट्टे घ्यावेत, दोन पुढे आणि दोन मागे, आणि ते खाली व बाहेरच्या दिशेने इतके ओढावेत की स्कूटरचे शॉकॲब्सॉर्बर निम्मे दबतील. आरशाच्या दांडीला किंवा फायबरच्या भागाला पट्टा लावू नये. हँडलला मऊ पट्ट्याचा फास घालून त्यात रॅचेटचा आकडा अडकवावा. पट्ट्याचे मोकळे टोक गुंडाळून बांधावे, कारण वाऱ्यात फडफडणारे टोक स्वतःच गाठ सैल करते. निघाल्यानंतर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सर्व पट्टे पुन्हा आवळावेत. पहिल्या टप्प्यात ते हमखास ढिले पडतात. वरून ताडपत्री घालण्याचा मोह आवरावा, तिच्यात वारा भरतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. केंद्रीय नियमांप्रमाणे मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मागे राहणारा गाडीचा भाग, ॲक्सलमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांहून अधिक चालत नाही, ३.३५ मीटरसाठी ही मर्यादा सुमारे दोन मीटर होते आणि बॉडीचीच शेपटी लांब असेल तर ती तेथेच संपते. मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या मालासाठी कलम १९४(१अ) मध्ये २०,००० रुपये दंड सांगितला आहे. तुमच्या मार्गावर कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशी तीन राज्ये येतात, म्हणून बेळगावच्या आरटीओत गाडीची कागदपत्रे दाखवून आधी विचारणा करावी आणि मगच लोखंड कापायला द्यावे. मागचे दिवे, इंडिकेटर किंवा नंबर प्लेट स्कूटरआड जात असतील, तर ती स्टँडच्या बाहेरच्या कडेवर पुन्हा बसवून घ्यावीत.

हे सर्व वाचून तुम्ही निराश होऊ नये. दुचाकी न्यावी याच मताचा मी आहे, फक्त ती ॲक्टिवा असू नये असे मला वाटते. टीव्हीएस एक्सएल १०० नव्वद किलोंच्या आत बसते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिचा सांगाडा उघडा असल्यामुळे पट्टा थेट लोखंडी नळीला बांधता येतो. आपल्या भागातले शेतकरी तिच्यावर खताचे पोते आणि दुधाचे कॅन नेतात, त्यामुळे तुमची भाजी आणि गॅसची टाकी तिला जड नाही, आणि ती पंक्चर झाली तर कोणत्याही खेड्यात माणूस मिळतो. हलशीला भूवराह नृसिंहाच्या देवळापर्यंतच्या गावातल्या वाटा, येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ, कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाकडे जाणे, सौंदत्तीला पौर्णिमेच्या यात्रेत डोंगराच्या खूप अलीकडे लावावी लागणारी गाडी: अशा ठिकाणी ती तुमचे अर्धे श्रम वाचवील.

आपला,
टिळकवाडीचा काका

---

उत्तर: गाडीच्या मागे ॲक्टिवा बांधून नेण्याविषयी

सर्वांस नमस्कार.

काकांच्या पत्रानंतर सांगण्यासारखे थोडेच उरले आहे, तरी मी जर्मनीत मोटरहोम चालवतो म्हणून दोन गोष्टी जोडतो. युरोपात बहुसंख्य मोटरहोम ३,५०० किलोंच्या मर्यादेत नोंदवलेली असतात, कारण साध्या कारच्या परवान्यावर वर्षानुवर्षे तेवढेच वजन चालवता येत आले आहे. त्यामुळे येथे स्कूटर न्यायची की सायकली, याचा निर्णय बहुधा आवडीवर न होता उरलेल्या किलोंवर होतो. मागे स्टँड लावून इटलीत किंवा स्पेनमध्ये गेल्यास त्यावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा परावर्तक फलक लावावा लागतो. तसा फलक भारतात बंधनकारक नसला, तरी ताई, तो तुम्ही जरूर लावावा. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्यांविना धावतात, आणि त्या रस्त्यावर आपण मागून येणाऱ्याला दिसलेच पाहिजे. शक्यतो रात्रीचा प्रवास करूच नये.

दुसरे म्हणजे विजेच्या छोट्या स्कूटरचा विचार करावा. भारतात २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या आणि बॅटरी वगळून ६० किलोंपेक्षा अधिक वजन नसलेल्या दुचाकीला नोंदणी लागत नाही. तुमच्या मागच्या ॲक्सलवरचा भार त्यामुळे बराच कमी होईल.

आपला,
मूळचा निपाणीचा एक सभासद

---

उत्तर: गाडीच्या मागे ॲक्टिवा बांधून नेण्याविषयी

आदरणीय काका आणि निपाणीचे दादा, दोघांचेही मनःपूर्वक आभार.

तुमची पत्रे मी भावाला वाचून दाखवली. त्याने गाडी काट्यावर नेली, तेव्हा मागच्या ॲक्सलवर दोनशे किलोंचीसुद्धा मोकळीक नसल्याचे दिसून आले. पाण्याची टाकीही मागेच आहे. त्यामुळे ॲक्टिवाचा विचार आम्ही सोडला. शेजारच्या एका शेतकरी काकांची एक्सएल महिनाभर मिळू शकते. विजेच्या स्कूटरविषयी मात्र मन साशंक आहे, कारण आम्ही दोघे तिच्यावर बसून राजहंसगड चढू शकू असे वाटत नाही. काकांचे यावर काय मत आहे? आणि आम्हा दोघांकडे इंग्लंडचा कारचा परवाना आहे, तो एक्सएलला चालेल काय?

आपली,
खानापूरची माहेरवाशीण

---

उत्तर: गाडीच्या मागे ॲक्टिवा बांधून नेण्याविषयी

सौ. ताई, सप्रेम आशीर्वाद.

तुमची शंका योग्य आहे. अडीचशे वॅटच्या आतल्या मोटरला दोन प्रौढ माणसांसह गडाचा चढ झेपणार नाही. शिवाय ४८ व्होल्ट, २४ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे १.१५ युनिट वीज. गाडीतली १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी तिला एकदा भरण्यातच निम्म्याहून अधिक रिकामी होईल आणि रात्री दिवे-पंख्याला पुरणार नाही. सपाट गावात एकट्याने दूध आणण्यापुरती ती चांगली, तुमच्या मार्गासाठी नव्हे.

एक्सएलचा आणि हलक्या स्टँडचा मिळून भार ११५ किलोंच्या आसपास ठेवला, तर त्याच अंतरांवर मागच्या ॲक्सलवर सुमारे १८४ किलो वाढतात. टाकी रिकामी ठेवूनच हे जमेल, आणि एक्सएल बांधल्यानंतर गाडी पुन्हा एकदा काट्यावर न्यावी. त्या वेळी मागचा आकडा मर्यादेच्या वर गेला, तर दुचाकी उतरवून ठेवावी. दोन-तीन दिवसांसाठी गोव्यात ती भाड्यानेही मिळते.

परवान्याविषयी स्पष्ट सांगतो. नुसता कारचा परवाना दुचाकीला चालत नाही, मग तो इंग्लंडचा असो वा भारतातला. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीच्या वर्गापुढे शिक्का असेल तरच ती चालवावी, आणि इंग्लंडच्या मूळ परवान्यात तो वर्ग नसेल तर येथेही मिळणार नाही. अपघात झाला तर विमा कंपनी सर्वप्रथम हेच विचारते. तुमच्या यजमानांचा जुना भारतीय परवाना असल्यास त्यात दुचाकीचा वर्ग आहे काय आणि त्याची मुदत शिल्लक आहे काय, ते आजच पाहावे. दोन्ही नसल्यास दुचाकी तुमच्या भावाने किंवा भाच्याने चालवावी आणि तुम्ही मागे बसावे. हेल्मेट मात्र दोघांनाही सक्तीचे आहे. एक्सएलचे नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी यांच्या मूळ प्रती किंवा डिजिलॉकरमधील प्रती जवळ ठेवाव्यात, आणि ती शेजाऱ्यांच्या नावावर असल्यामुळे त्यांच्याकडून संमतीच्या दोन ओळी लिहून घ्याव्यात.

काट्याचे आकडे आल्यावर मला कळवावेत, मी ते तपासून देईन. स्टँडचा आराखडा फॅब्रिकेटरकडे जाण्यापूर्वी पाठवलात तर बोल्टांची मापेही सुचवता येतील.

आपला,
टिळकवाडीचा काका