गायतोंडे आणि रेखाटनाचा प्रश्न
रेखाटन जमत नाही म्हणून अमूर्त चित्रकार आकार टाळतात, असे काही जण म्हणतात. भारतीय अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या बाबतीत तरी ते मुळीच खरे नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. १९४८ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतलेल्या गायतोंडे यांची सुरुवातीची चित्रे मनुष्याकृतींचीच होती आणि त्यांतील ठाम रेषा व सपाट रंगक्षेत्रे पाहिली, की भारतीय लघुचित्रांचा त्यांनी किती मन लावून अभ्यास केला होता हे लगेच ध्यानात येते. पुढे युरोपातील आधुनिक चित्रकार पॉल क्ली यांच्या चित्रांचा आणि झेन या ध्यानप्रधान बौद्ध पंथाच्या विचाराचा प्रभाव पडत गेला, तसतशी आकृती मागे सरली. पण हात तोच राहिला.

त्यांची कामाची पद्धत तर उतावळ्या माणसाला झेपणारीच नव्हती. रोलरने रंगाचा पातळ थर द्यायचा, पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या पातळ सुरीने, तो काही ठिकाणी खरवडायचा, कापलेल्या कागदाचे तुकडे कॅनव्हासवर दाबून रंग उमटवायचा किंवा उचलायचा, आणि मग पुढचा थर. त्यामुळेच जवळून पाहताना खालचा रंग वरच्या रंगातून पाण्याच्या तळासारखा दिसत राहतो. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पूर्ण होत. उरलेला बहुतेक वेळ, माझ्या मते, पाहण्यात आणि थांबण्यात जात असे, आणि तोही त्यांच्या रियाजाचाच भाग होता.