पॅकेज अपडेट आणि आपला संयम: अनुभव लिहा

घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स वापरणाऱ्यांसाठी हा धागा. (पॅकेज म्हणजे लिनक्सवर सॉफ्टवेअर ज्या गठ्ठ्यात येतं तो.) पाच मिनिटांत होईल म्हणून अपडेट लावलं आणि जेवण उरकून आलो तरी गाडी तिथंच, असं कोणाकोणाचं होतं? नुसतं 'फार स्लो आहे हो' नको. नेमकं कुठं अडतं तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. लॅपटॉप जुना, आत फिरणारी हार्ड डिस्क. डाउनलोड चटकन होतं, खरी रड त्यानंतर. 'प्रोसेसिंग ट्रिगर्स फॉर मॅन-डीबी' ही ओळ आली की डिस्कची कुरकुर सुरू आणि पडदा ढिम्म. मॅन पेज, म्हणजे कमांडची माहितीपानं, मी क्वचितच उघडतो, पण त्यांची सूची अपडेटच्या वेळी ताजी झालीच पाहिजे! शिवाय फाइल डिस्कवर खरोखर उतरली याची खात्री केल्याशिवाय डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) पुढं सरकत नाही. मध्येच लाइट गेली तर अर्धवट फाइल राहू नये म्हणून. हेतू चांगला आहे, पण जुन्या डिस्कचा जीव जातो.

हॉटस्पॉटवाली
तुमचं डाउनलोड तरी चटकन होतं! गावी आमच्याकडे मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला दीड जीबी. त्यात 'लिनक्स-फर्मवेअर'चं नवं पॅकेज आलं की शेकडो एमबी गेले. जगभरच्या वायफाय आणि ग्राफिक्स कार्डांचं सामान त्यात असतं, माझ्या मशीनला लागतं त्यातलं चिमूटभर. आणि थोडासा बदल झाला तरी अख्खं पॅकेज पुन्हा उतरवायचं. तेवढ्यात सासूबाईंचा आवाज, "अगं, माझी मालिका का गं थांबली?" आता शहरात गेले की 'ॲप्ट अपग्रेड' या अपडेटच्या कमांडला 'डाउनलोड-ओन्ली' लावून सगळं उतरवून ठेवते आणि इन्स्टॉल घरी येऊन करते.

जुनं खोड
ताई, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारात यावर तोडगा होता. डेल्टा आरपीएम. फक्त बदललेला भाग उतरायचा आणि पूर्ण पॅकेज आपल्याच मशीनवर जोडून तयार व्हायचं. डेटाची बचत व्हायची, पण प्रोसेसर घामाघूम. घरी फायबर आल्यावर तर अख्खं पॅकेज उतरवणंच लवकर व्हायचं. २०२४ च्या फेडोरा ४० पासून ते बंदच केलं. मला वाईट वाटलं नाही, तुम्हाला वाटेल.

रात्रपाळी
जर्मनीतून लिहितोय. मी जेंटू या लिनक्सवाला, म्हणजे तयार पॅकेज उतरवून भागत नाही, सोर्स कोडपासून आपल्याच मशीनवर बांधायचं. क्रोमियम ब्राउझरचं अपडेट झोपताना लावायचं आणि सकाळी बघायचं. पंख्याच्या आवाजानं बायको वैतागून म्हणायची, "अहो, तो हेअर ड्रायर बंद करा आधी." डिसेंबर २०२३ पासून जेंटूनं आधीच बांधलेली (बायनरी) पॅकेजं अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली. मोठी धेंडं आता तिथून घेतो. बाकीची अजून बांधतो, हौसेला मोल नाही.

कुलूपकिल्ली
माझं अपडेट सुरूच होत नाही! लॅपटॉप चालू करून 'सुडो ॲप्ट' टाइप करावं तर 'कुड नॉट गेट लॉक'. मागं आपोआप अपडेट करणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स आधीच कामाला लागलेलं असतं आणि पॅकेजच्या डेटाबेसला त्यानं कुलूप लावलेलं असतं. लॉक फाइल उडवा असं सांगणारे खूप भेटतील. कृपा करून ऐकू नका. दोन प्रोसेस एकाच वेळी डेटाबेसमध्ये घुसल्या तर निस्तरायला अख्खी संध्याकाळ जाते. चहा टाका, तोवर सुटतं.

निवांत
मी डेबियन लिनक्सच्या स्टेबल आवृत्तीवर. वर्षभर जुनी व्हर्जनं, लोक हसतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये घुसखोरीसाठी लपवलेलं मागचं दार (बॅकडोअर) सापडलं, तेव्हा स्टेबलवर ती व्हर्जनं पोचलीच नव्हती. आणि सापडलं कसं? एसएसएचनं (दुसऱ्या मशीनवर दुरून) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड हे प्रोग्रामर खोदत बसले! आपण अर्धा तास लागला तरी फक्त शिव्या घालतो. सुरक्षेचे अपडेट मात्र मी लगेच घेतो, त्यात आळस नाही.

जुनं खोड
धागाकर्ते, डेबकॉन्फमध्ये (पॅकेजांची सेटिंग ठेवणारी सोय) 'मॅन-डीबी/ऑटो-अपडेट' फॉल्स करा. सूची बनणं थांबेल. 'मॅन' तरीही चालतं, फक्त 'ॲप्रोपोस'नं, म्हणजे मॅन पेजांच्या सूचीत शब्द धुंडाळणाऱ्या कमांडनं, शोधताना जुनी यादी दिसेल.

धागाकर्ता
ॲप्रोपोस म्हणजे काय हेच आत्ता कळलं, तेव्हा बिनधास्त बंद करतो. उबुंटू लिनक्सच्या स्नॅप पॅकेजवाल्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही, या की.