टियाना बेडूक झाली तेव्हा तुमच्याकडे काय बोलणं झालं? (अनुभव धागा)

धागाकर्ती, ह्यूस्टन

मंडळी, डिस्नेचा 'स्नो व्हाइट' १९३७ साली आला आणि त्यांची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या पडद्यावर यायला २००९ उजाडलं. 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'मधली टियाना. १९२०च्या दशकातलं न्यू ऑर्लिन्स, दिवसरात्र वेट्रेसचं काम करणारी, टिपचे पैसे कॉफीच्या डब्यांत साठवून स्वतःचं रेस्टॉरंट काढायला निघालेली मुलगी. वाद सिनेमा यायच्या आधीच सुरू झाला होता. नायिकेचं नाव आधी 'मॅडी' होतं आणि ती श्रीमंत गोऱ्या घरातली मोलकरीण असणार होती. गुलामगिरीच्या काळातल्या 'मॅमी'ची (गोऱ्या घरात राबणाऱ्या कृष्णवर्णीय दाईची) आठवण करून देणारं ते नाव लोकांना खटकलं. मग नाव बदललं, काम बदललं, सिनेमाचं शीर्षकही बदललं.

मला हा सिनेमा मनापासून आवडतो, आणि म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते. पहिल्या अर्ध्या तासानंतर टियाना बेडूक होते ती जवळजवळ शेवटपर्यंत. ग्रिमबंधूंच्या गोष्टीत बेडूक फक्त राजपुत्र असतो, राजकन्या माणूसच राहते. मग नेमक्या हिच्याच वेळी तिलाही बेडूक का केलं? ज्या चेहऱ्यासाठी लोक इतकी वर्षं थांबले, तो पडद्यावर आणखी थोडा वेळ राहायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही कुठे पाहिलात, कोणाबरोबर, मुलांनी काय विचारलं, ते लिहा. परीक्षण नको, अनुभव हवेत.

अटलांटा

२००९च्या डिसेंबरात शेजारच्या कुटुंबाबरोबर गेलो होतो. ते कृष्णवर्णीय, चर्चला जाताना घालतात तसे कपडे घालून अख्खं घर आलेलं, आजीसुद्धा. थिएटरात छोट्या मुली हिरव्या झग्यांत, डोक्यावर मुकुट. छोटी टियाना बाबांबरोबर गंबो (तिकडचा दाटसर रस्सा) ढवळते तिथे आजींनी माझा हात घट्ट धरला. पुढे ती बेडूक झाली आणि मागच्या रांगेतली एक मुलगी सारखी आईला विचारत राहिली, ती परत कधी येणार? आई म्हणायची, येईल गं. खूप वेळ म्हणत होती. धागाकर्ती, तुमचं म्हणणं मला त्या रांगेत बसून आधीच पटलं होतं.

ठाणे

मी ॲनिमेशनमध्ये काम करतो, म्हणून थोडं वेगळं लिहितो. बेडूक झाल्याची तक्रार मान्य. पण 'ऑलमोस्ट देअर' हे गाणं पुन्हा बघा. टियाना आईला रेस्टॉरंटसाठी हेरलेली पडकी गिरणी दाखवते आणि एकदम सगळं चित्र सपाट होतं. ठसठशीत आकार, मोजके रंग, प्रकाशाचे पट्टे. ही ॲरन डग्लस या हार्लेम रेनेसाँसमधल्या (न्यू यॉर्कमधली कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांची चळवळ) कृष्णवर्णीय चित्रकाराची शैली आहे. गोष्ट ज्या काळातली, त्याच काळात हा माणूस आपल्या लोकांचा इतिहास भिंतींवर रंगवत होता. नायिकेचं स्वप्न तिच्याच समाजातल्या चित्रकाराच्या नजरेतून दाखवायचं, हा विचार ज्यांनी केला त्यांना मी मानतो. कॉलेजात आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी स्वतः शोधत गेलो तेव्हा डग्लसची चित्रं सापडली आणि त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही.

सावंतवाडी

मला खुपला तो सिनेमातला व्हूडूवाला खलनायक, डॉक्टर फॅसिलिए. व्हूडू हा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी जपलेला धर्म. सिनेमात तो सावल्या, मुखवटे आणि सौदेबाजी होऊन येतो. व्हूडू करणारी म्हातारी मामा ओडी चांगली दाखवली आहे, पण मुलांच्या लक्षात खलनायकच राहतो. आमच्या गावात देवाला कौल लावतात, अवसर येतात, म्हणजे अंगात देव येतो. माझे आजोबा त्यातले. सिनेमा-मालिकांत असा माणूस दिसला की तो लबाडच निघणार हे लहानपणापासून पाहत आले. त्यामुळे न्यू ऑर्लिन्सच्या लोकांना काय वाटलं असेल याचा मला अंदाज करावा लागला नाही.

नागपूर

मी काळी आहे. 'रंगाने सावळी आहे पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य माझ्या लग्नाच्या वेळी प्रत्येक घरात ऐकलं. टियाना मी तिशीत पाहिली, भाचीबरोबर, टीव्हीवर. एक गोष्ट मला कोणी सांगायला नको होती, लगेच कळली: अख्ख्या सिनेमात तिच्या रंगावर तिच्या घरातलं कोणी एक शब्द बोलत नाही. आई कामाची काळजी करते, लग्नाची करते, रंगाची नाही. अमेरिकेचा अन्याय खूप मोठा आहे, त्याची आणि माझी बरोबरी मी करत नाही. पण त्या घरातला तो निवांतपणा मला हवा होता. भाचीही माझ्याच रंगाची. तिने सिनेमा संपल्यावर पहिला प्रश्न विचारला तो रेस्टॉरंटचा, 'तिथे काय काय मिळतं?' मला फार बरं वाटलं.

ओरलँडो

थोडक्यात लिहिते. इथल्या डिस्नेत 'स्प्लॅश माउंटन' होतं, १९४६च्या 'साँग ऑफ द साउथ'वर बेतलेलं. मळ्यावरचं जगणं गोड करून दाखवल्याबद्दल त्या सिनेमावर कायम टीका झाली. २०२४ साली त्याच जागी टियानाची राइड सुरू झाली. तिथे ती सगळीकडे माणूस म्हणूनच आहे, बेडूक नाही. आमच्या पुढे एक आजी-नात होत्या, उतरल्या आणि लगेच परत रांगेत लागल्या.

शिकागो

माझा नवरा आफ्रिकन-अमेरिकन, सासर मूळचं लुईझियानाचं. मुलगी आमची दोघांची, केस तिच्या आजीचे. टियाना आमच्याकडे इतक्या वेळा लागली आहे की संवाद पाठ आहेत.

सासूबाईंना सिनेमातली ट्राम दिसली की त्या सरसावून बसतात. टियाना आणि तिची आई मोठ्या बंगल्यांच्या वस्तीतून ट्रामने आपल्या लहान घरांच्या गल्लीत येतात, एवढंच दृश्य. सासूबाईंनी त्याच शहरात शाळकरी वयात खऱ्या ट्रामने प्रवास केला आहे. सीटच्या पाठीवर लाकडी पाटी असायची, 'फक्त कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी'. पाटीला खाली खुंट्या, सीटला भोकं. गोरे प्रवासी वाढले की कोणीही ती पाटी उचलून मागच्या सीटवर खोचायचं आणि पाटीच्या पुढे बसलेल्यांनी उठायचं. १९५८पर्यंत हे चाललं. पाटी खोचताना होणारा 'टक' आवाज त्या जिभेने काढून दाखवतात. सिनेमात पाटी नाही. मी एकदा विचारलं, तुम्हाला राग येत नाही? म्हणाल्या, येतो. नात बघत असते तेव्हा मी पाटीचं सांगते, आणि मग आम्ही पुढचं बघतो.

मला वाटतं सिनेमाने हे काम आजीवर सोडायला नको होतं. मुलांना झेपत नाही ही सबब मला पटत नाही. माझ्या मुलीला वयाच्या सहाव्या वर्षी झेपलं.

आणखी एक. २०१८मध्ये 'राल्फ ब्रेक्स द इंटरनेट'च्या ट्रेलरमध्ये टियाना आली तेव्हा तिचा रंग उजळला होता, नाक बारीक झालं होतं. लोकांनी आवाज उठवला. टियानाला आवाज देणाऱ्या अनिका नोनी रोझ यांनी डिस्नेशी बोलणं केलं, वर्णभेदाविरुद्ध काम करणारी 'कलर ऑफ चेंज' संस्थाही त्यात होती, आणि ती चित्रं नव्याने केली गेली. मुलीला मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवली. तिने तिसरंच दाखवलं: 'केस पण बदललेत.'

धागाकर्ती

शिकागो, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पाटीचं हे कुठल्याच परीक्षणात वाचलं नव्हतं. ठाण्याच्या दादांचं गाण्याबद्दलचं वाचून मी ते गाणं आत्ता परत पाहिलं, माझी तक्रार तशीच आहे पण त्या तीन मिनिटांसाठी तुमचे आभार. सिनेमातल्या राजपुत्राबद्दल, 'नवीन' नाव त्याचं, अजून कोणीच कसं लिहिलं नाही? तो कृष्णवर्णीय का नाही, यावर इथे माझ्या ऑफिसात खूप बोललं गेलं होतं.

पुणे

राजपुत्र नवीनबद्दल नाही, फेनर बंधूंबद्दल लिहितो. गिरणी विकणारे हे दोघे टियानाला गोड हसून सांगतात की तुझ्यासारख्या पार्श्वभूमीच्या बाईला एवढा मोठा धंदा झेपायचा नाही. वर्णभेदाचा उघड उल्लेख सिनेमात जवळपास एवढाच. माझ्या मुलाने तिथे सिनेमा थांबवायला लावला. तिने पैसे जमवले आहेत, मग नाही का म्हणतात? मी अमेरिकेचं सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे आपल्याला त्या सोसायटीत फ्लॅट दिला नाही तसं? आम्हालाही आडनाव कळल्यावर असंच हसून सांगितलं होतं. तो तेव्हा आतल्या खोलीत खेळतोय असं आम्ही धरून चाललो होतो. हो म्हणालो. मग सिनेमा राहिला बाजूला, ते सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, त्याच्या आईने आणि मी मिळून.