पाणी तापलं म्हणजे मासळी वाढेल असं नाही

वर एकांनी लिहिलंय की समुद्र तापला की सूक्ष्मजीव भराभर वाढतील, मग मासळीही वाढेल. पहिला भाग काही अंशी खरा, दुसरा मला पटत नाही.

नुसती ऊब पुरत नाही, खत लागतं. नायट्रेट, फॉस्फेट असतं ते खालच्या गार पाण्यात. वरचा थर तापून हलका झाला की तो खालच्या पाण्यात सहजी मिसळत नाही आणि उजेडातल्या वनस्पती-प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची) उपासमार होते. तगतात ते प्रोक्लोरोकॉकससारखे जीव, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. मागे पडतात डायटमसारखे मोठे प्लवक, आणि कारवार-गोव्याहून बेळगावच्या बाजारात येणारी तारली बरीचशी त्यांच्यावरच पोसते.

अरबी समुद्राचं दुखणं आणखी वेगळं. त्याच्या मध्य-उत्तर भागात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळपास नसतोच. तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात. नायट्रेटमधला नत्र वायू होऊन निघून जातो, थोडा नायट्रस ऑक्साइडही होतो, जो हवा आणखी तापवतो. खानापूरकडे भाताच्या तुंबलेल्या चिखलात युरियातला काही नत्र उडतो तोही याच क्रियेने. शेतकरी दुसरं पोतं आणतो; समुद्रात ती तूट मुख्यतः नत्र बांधणाऱ्या जिवाणूंनाच भरावी लागते.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हा प्राणवायू नसलेला थर पसरण्याची मला जास्त धास्ती वाटते. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की गाठता येते. आपल्या सीमाभागातल्या शाळांनी एखादी सहल तिकडे न्यावी.