आर्क्टिक मंकीज, लास्ट डिनर पार्टी आणि मंडळी: एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय होतं? (अनुभव धागा)

तिरफळ (धागाकर्ता)

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या उत्तरेला हाय ग्रीन नावाची वस्ती आहे. आर्क्टिक मंकीज म्हणजे तिथली आणि आसपासची चार पोरं, वय एकोणीस-वीस. २३ जानेवारी २००६ ला त्यांचा पहिला अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात ३,६३,७३५ प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये कुठल्याही बँडच्या पहिल्या अल्बमचं असं झालं नव्हतं. एनएमई या संगीत साप्ताहिकाने तर लगेच त्याला आजवरच्या सर्वोत्तम ब्रिटिश अल्बमांच्या यादीत पाचवा नंबर दिला. त्याच यादीत बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' नववा होता, म्हणजे बघा. सप्टेंबरात मर्क्युरी पुरस्कारही (वर्षातल्या सर्वोत्तम ब्रिटिश-आयरिश अल्बमचा) मिळाला.

तेव्हापासून चाललेला वाद अजून मिटलेला नाही. हे कौतुक त्यांनी कमावलं होतं, की वर्तमानपत्रांना दर दोन वर्षांनी एक तारणहार लागतो म्हणून त्यांना मिळालं?

पुस्तकी मतं नकोत. तुम्ही हा बँड (किंवा असाच गाजवलेला दुसरा तरुण ब्रिटिश बँड) कुठे ऐकलात, कुणाशी भांडलात, काय पटलं, काय नाही, ते लिहा. 'आमच्या किशोरदांपुढे सगळे फिके' असं लिहिणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

जुना शेफील्डकर

२००४ ते ०६ तिथे एमएससीला होतो, तेव्हा हक्काने लिहितो.

पहिली गोष्ट, 'इंटरनेटने मोठा केलेला बँड' हे अर्धसत्य आहे. ही पोरं स्थानिक कार्यक्रमांत स्वतः भाजलेल्या सीड्या फुकट वाटायची. लोकांनी त्या संगणकावर चढवल्या आणि एकमेकांना पाठवल्या. मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवरचं पानसुद्धा चाहत्यांनी काढलेलं. त्या डेमोंना 'बिनीथ द बोर्डवॉक' हे नाव पडलं, कारण बोर्डवॉक नावाच्या जागी ती वाटली जायची आणि तिथल्याच बारमध्ये बँडचा गायक अ‍ॅलेक्स टर्नर ग्लास भरायचा. आमच्या घरातल्या बार्न्सलीच्या पोराकडे त्याची कॉपीची कॉपी होती. कंपनीने करार केला २००५ च्या जूनमध्ये, आणि तीही डॉमिनोसारख्या स्वतंत्र कंपनीने. तोवर शहरातल्या गर्दीला शब्द पाठ होते. पहिलं सिंगल (सुटं काढलेलं गाणं) ऑक्टोबरात ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत थेट एक नंबरवर गेलं तेव्हा लंडनच्या पत्रकारांना धक्का बसला. शेफील्डमधल्यांना नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द. शनिवारी रात्री वेस्ट स्ट्रीटवर उभं राहिलं की तो अल्बम समोर चाललेला दिसायचा. दारावरचा बाउन्सर उगाच अडवतोय, टॅक्सीवाला पाचव्या माणसाला घेत नाही, कुणीतरी रडतंय, कुणीतरी ओळख काढून भांडतोय. शहरातल्या नीप्सेंडच्या बाजूला रात्री देहविक्रीचा धंदा चालायचा हेही सगळ्यांना माहीत होतं, त्यावरचं गाणं जानेवारीत एक नंबर झालं. शेजारच्या रॉदरहॅम गावचे बँड अमेरिकन असल्यासारखं गातात म्हणून त्यांची टिंगल करणारंही एक गाणं आहे. वीस वर्षांच्या पोराने आपल्या गल्लीकडे इतकं नीट पाहणं मला तरी दुर्मीळ वाटतं.

मात्र मर्क्युरीच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. त्या वर्षी यादीत रिचर्ड हॉलीचा 'कोल्स कॉर्नर' होता. तोही शेफील्डचाच, वयाने मोठा, आवाज जुन्या लाकडासारखा. बक्षीस घेताना टर्नर स्वतःच म्हणाला की पोलिसांना बोलवा, रिचर्ड हॉलीला लुटलंय. गंमतीत म्हणाला, पण मला ते शंभर टक्के पटलं. अजूनही पाऊस असला की मी हॉली लावतो, मंकीज नाही.

खुळा ढोल

ऐकला. गिटारी किरकिरत होत्या. झोप उडाली, एवढाच फायदा.

पाचवी तार

पुण्यात कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवायचो, तेव्हा माझी बाजू वादकाची.

२००६-०७ ला आमच्याकडे दोन तट होते. आयर्न मेडन, मेटॅलिकाचं हेवी मेटल वाजवणारे एकीकडे आणि 'ब्रिटिश इंडी' म्हणवणारे दुसरीकडे. मी पहिल्या तटात. आमचं म्हणणं सरळ होतं: यात अवघड काय आहे? सोलो म्हणावा असा एक नाही. स्ट्रोक्स आणि लिबर्टीन्स या बँडांनी २००१-०२ ला हेच जास्त ढंगात केलं होतं. मग मित्राने पैज लावली की यातलं एक गाणं मूळ वेगात, शब्दांसकट वाजवून दाखव. गिटार जमली. पण गिटार वाजवताना ते शब्द त्या वेगात, श्वास न तुटता म्हणणं, ते आमच्या गायकालाही जमलं नाही. एका ओळीत जिथे आठ शब्द मावतील तिथे हा चौदा कोंबतो आणि तरी ते बोलल्यासारखं वाटतं.

तरीही वादक म्हणून सांगतो, 'रिव्हॉल्व्हर'च्या वर बसवणं हा निव्वळ वेडेपणा. आणि दोष द्यायचा तर बँडला कशाला? यादी त्यांनी थोडीच केली. ते तेव्हा मुलाखती टाळायचे, टीव्हीवर जायला का कू करायचे.

आकडेमोड

विक्रीचा आकडा लोक फार मिरवतात म्हणून थोडं पाणी ओततो. याआधी पहिल्या अल्बमच्या पहिल्या आठवड्याचा विक्रम कुणाचा होता? हिअरसे. टीव्हीवरच्या स्पर्धेतून जुळवलेला पॉप गट, २००१. मंकीजचा विक्रम कुणी मोडला? लिओना लुईस, २००७, तीही टीव्ही स्पर्धेची विजेती. तिचा कुणी मोडला? सुझन बॉइल, २००९. पुन्हा टीव्ही. मंकीजचे शेजारी हे असे आहेत. आठवड्याची विक्री म्हणजे उत्सुकतेची मोजणी, गाण्याची नव्हे.

हां, त्या रांगेत टीव्हीच्या मदतीशिवाय उभे असलेले हे चौघेच, हेही तितकंच खरं.

तिरफळ

हे आवडलं. पाचवी तार, पैज हरल्यावर काय द्यावं लागलं ते लिहिलं नाहीत.

पाचवी तार

मिसळ. दोन वेळा. विषयावर या.

वॉर्ड नंबर

मी सांगलीची, साउथ यॉर्कशरमध्ये (शेफील्डचाच परगणा) नर्स आहे. संगीतातलं मला शष्प कळत नाही. पण इथे आले तेव्हा वॉर्डातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं डोक्यावरून जायचं. एक हेल्थकेअर असिस्टंट होती, तिच्या गाडीत हा अल्बम कायम चालू. ती म्हणायची, हा मुलगा आमच्यासारखा बोलतो, गाताना लंडनचा होत नाही. मी गाणी म्हणून नव्हे, तर कानाला सवय म्हणून ऐकायला लागले. ड्युटीवरून परत येताना शब्द सुटे सुटे कळायला लागले, आणि मग ती माणसंही. रात्री पिऊन धडपडून, कपाळ फोडून येणारी पोरं आमच्याकडे यायचीच. गाण्यातली पोरं तीच, फक्त आमच्याकडे येण्याच्या दोन तास आधीची!

माझ्या सहकारणीला कुणी 'ओव्हररेटेड' म्हटलेलं खपायचं नाही. तिच्या मते ज्यांच्या बोलण्याला टीव्हीवर फक्त विनोदी पात्रांत जागा मिळते, त्यांना या कौतुकाचा हिशोब विचारू नये. मला हे पटतं. पुरतं पटतं असं नाही, कारण तिच्याच गावचे दुसरे बँडही तसंच बोलतात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

खालची धून

तबला वाजवतो, साथीला. मुलाने ऐकवला म्हणून ऐकला.

सगळे टर्नरच्या शब्दांचं बोलतायत, मला ड्रमवाला दिसला. मॅट हेल्डर्स. बँड काढला तेव्हा बाकीच्यांकडे गिटारी होत्या, उरले ते ड्रम याच्या वाट्याला आले, असं तो सांगतो. आणि उरलेल्याने घर सांभाळलं! पहिल्या गाण्याची सुरुवात ऐका. सगळे मिळून एक ठोका, शांतता, पुन्हा ठोका, आणि मग जो सुटतो तो. थांबलेल्या जागा मोजून बघा, एकही इकडची तिकडे नाही. वीस वर्षांच्या मुलांना वेगात वाजवता येतं, त्यात विशेष नाही. वेगात थांबता येत नाही. शिवाय हा वाजवता वाजवता मागचा आवाजही गातो. दुसऱ्या अल्बमच्या (२००७) पहिल्याच गाण्यात तर त्याने कहर केलाय.

गायकाच्या चाली मात्र मला दोन-तीनच सापडल्या, त्याच फिरवून फिरवून. त्या बाबतीत कौतुक जास्त झालं.

लंडनची मावशी

मी धागा जरा आजच्या काळात आणते. लेक सतरा वर्षांची, तिच्या हट्टापायी लास्ट डिनर पार्टीच्या कार्यक्रमाला गेले. पाच जणी, लेस, कॉर्सेट, चर्चच्या क्वायरसारखे आवाज, मध्येच बासरी. २०२३ च्या एप्रिलमध्ये पहिलं सिंगल, मग बीबीसीचा नव्या कलाकारांसाठीचा 'साउंड ऑफ २०२४', ब्रिट्स या संगीत पुरस्कारांतला रायझिंग स्टार, आणि फेब्रुवारी २०२४ ला आलेला अल्बम थेट एक नंबर. एकही गाणं बाहेर यायच्या आधी २०२२ ला हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या दिवशी वाजवलेलं.

झालं, लोकांनी 'इंडस्ट्री प्लँट' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे कंपनीनेच पेरलेला बँड. या मुली ब्रिक्स्टनच्या विंडमिल नावाच्या छोट्या पबात वाजवत होत्या, तिथल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ लोकांनी आधीच यूट्यूबवर टाकले होते. म्हणजे मंकीजच्या फुकट सीड्यांचंच नवं रूप. पण त्या पोरांना 'खरे, मातीतले' म्हटलं गेलं आणि या मुलींना 'पेरलेल्या'. वेट लेग या बँडच्या दोघींनाही हेच ऐकावं लागलं. माझी लेक यावर तासभर बोलू शकते, मी तिला थांबवत नाही.

पैसा आणि ओळखी कामाला आल्या असतील का? आल्या असतील, मोठ्या कंपनीचा करार उगाच होत नाही. पण स्टेजवर ज्या तयारीने त्या उभ्या होत्या ती ओळखीने येत नाही. अल्बम मला थोडा जास्त नटवलेला वाटला, प्रत्येक गाण्याला झालर. गंमत म्हणजे त्यांचा निर्माता जेम्स फोर्ड, आणि मंकीजच्या दुसऱ्या अल्बमपासूनच्या कामातही हाच माणूस.

जुना शेफील्डकर

मावशी, फरक एवढाच की मंकीजच्या वेळी करारापूर्वीची गर्दी डोळ्यांनी दिसत होती. बाकी तुमच्या मुद्द्याला उत्तर नाही. 'मातीतला' हे बिरुद मुलग्यांना फार स्वस्तात मिळतं.

आकडेमोड

गाजावाजा होऊन विरलेल्यांचीही नोंद हवी. क्लॅक्सन्स या बँडला २००७ चा मर्क्युरी मिळाला, २०१५ ला बँड संपला. व्हॅक्सीन्स या दुसऱ्या बँडचा इतका बोभाटा झाला होता की २०११ च्या पहिल्या अल्बमचं नावच 'व्हॉट डिड यू एक्स्पेक्ट फ्रॉम द व्हॅक्सीन्स?' असं ठेवलं. मला तो अल्बम तेव्हाच्या मंकीजच्या अल्बमपेक्षा जास्त आवडायचा. आता दोन गाणी सोडून काही आठवत नाही.

धुक्यातला कंदील

मँचेस्टरला होतो, ऑफिसात सगळे तिथल्याच ओअ‍ॅसिस बँडचे चाहते. त्यांचा आक्षेप असा की मंकीजची गाणी पबमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणता येत नाहीत. शब्द फार. मी म्हटलं, हाच तर मुद्दा, ओअ‍ॅसिसची गाणी कुणाबद्दलही असू शकतात आणि यांची नेमक्या कुणाबद्दल तरी असतात. त्यानंतर मला क्विझच्या टीममधून काढण्यात आलं.

माझा खरा आक्षेप नंतरच्या काळाला आहे. २००९ ला जोश होमी या अमेरिकन रॉकवाल्याबरोबर तिकडच्या वाळवंटात जाऊन 'हंबग' केला, तिथपर्यंत ठीक, हिंमत होती. २०१३ चा 'एएम' म्हणजे केस मागे वळवून, चामड्याचं जाकीट घालून अमेरिकेसाठी केलेला माल. रॉदरहॅमच्या बँडांची टिंगल करणारा हाच ना?

नाशिकची अकरावी-ब

सगळ्यांना नमस्कार, मी बहुतेक इथली सगळ्यात लहान. मला एनएमई काय ते माहीतच नव्हतं, वरती वाचून कळलं. माझ्यापर्यंत हा बँड रीलमधून आला, 'आय वॉना बी युअर्स'. कंदीलकाका ज्याला माल म्हणतात त्याच 'एएम'मधलं. त्याचे बरेचसे शब्द जॉन कूपर क्लार्क या सॅल्फर्डच्या कवीच्या जुन्या कवितेतले आहेत, त्यामुळे अमेरिकेसाठी वगैरे मला काही पटलं नाही. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या प्लेलिस्टवर ते आहे आणि त्यातल्या कुणालाही शेफील्ड नकाशावर दाखवता येणार नाही. (मलाही कालपर्यंत नाही.)

हा धागा वाचून पहिला अल्बम सलग ऐकला. पहिली चार-पाच गाणी सारखीच वाटली, आईने दार लावून घ्यायला सांगितलं. शेवटचं, 'अ सर्टन रोमान्स', मात्र परत लावलं. गावातल्या टपोरी पोरांना आधी नावं ठेवतो, आणि मग त्यातलेच काही आपले मित्र आहेत म्हणून त्याला राग धरता येत नाही. आमच्या कॉलनीच्या नाक्यावर अशीच पोरं बसतात, त्यातला एक माझा सख्खा चुलतभाऊ आहे.

पाचवा नंबर वगैरे मला माहीत नाही. माझ्या यादीत तेरापैकी तीन गाणी गेली. लास्ट डिनर पार्टीचं एक. 'रिव्हॉल्व्हर' अजून ऐकलेला नाही, कुठून सुरुवात करू?

खालची धून

शेवटच्या गाण्यापासून कर. त्यात ड्रम ऐक, मग बोलू.